निलेशची उंची

११ फेब्रुवारी २०००, शुक्रवार

माफ कर, वही. दिवाळीनंतर आज उघडते आहे. लिहिणं बंद नव्हतं, दुसऱ्या वहीत चाललं होतं. त्या वहीत नुसते आकडे.

सुधीरने मला यात ढकललं, हे एकदा लिहून ठेवते. त्याच्या कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर ग्रेग, ऑस्ट्रेलियन. आखातात सुट्टी शुक्रवारची, तेव्हा दर शुक्रवारी सकाळी इथल्या मुलांना त्यांच्याकडचं फुटबॉल शिकवतो. अंडाकृती चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, हातपाय दोन्ही चालतात. मुलं कमी पडायला लागली तशी आमच्या शाळेची घेतली. मोजायला कोणी नव्हतं, तर सुधीर म्हणाला, "माझी बायको गणित शिकवते, तिला बसवा." ऑक्टोबरपासून बसते आहे. टोपी, पाण्याची बाटली, वही. ला. म्हणजे लाथ, झे. म्हणजे झेल, मू. म्हणजे मुठीने मारलेला पास. प्रत्येक मुलाला एक ओळ.

आज नि. : ला. १९, झे. ११, मू. ८. दुसऱ्या कुणाचे झेल चारच्या वर नाहीत.

नि. म्हणजे निलेश गावडे, माझ्याच नववी-ब मधला. कुडाळकडचा. तीन वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा इंग्रजीचं एक वाक्य येत नव्हतं. आज तो एका मुलाच्या पाठीवर गुडघा टेकवून वर गेला आणि चेंडू घेऊन खाली आला. नियमात बसतं म्हणे. मी उभी राहिले होते, हे केतकीने सांगितल्यावर कळलं. "आई, यू वेअर स्क्रीमिंग. सो एम्बॅरॅसिंग."

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रेगने पर्थहून आलेलं पत्र दाखवलं. तिथल्या एका निवासी शाळेत खेळाडू मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती. इथून एकच मुलगा घेणार. आपल्या मुलांच्या खेळाच्या व्हिडिओ कॅसेट त्यांनी पाहिल्या. मोठे क्लब मुलांवर ड्राफ्टच्या आधीची दोन-तीन वर्षं नजर ठेवतात. ड्राफ्ट म्हणजे अठरा पुरी होतात त्या वर्षी क्लब आपापली मुलं निवडून घेतात. निलेशचा जन्म १ जून १९८५. म्हणजे त्याचं ड्राफ्टचं वर्ष २००३.

ग्रेग : "तीन वर्षं आहेत त्याला. आत्ताच एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. एकशे पंचाण्णव होईल. त्यांना हेच हवं असतं, अजून वाढायचं राहिलेलं मूल."

अर्जासोबत माझे आकडे आणि दर महिन्याची उंची जायची. शेवटी मोजणाऱ्याची सही : माहितीप्रमाणे सर्व खरे. दुसऱ्या नंबरावर मॅथ्यू, इथल्या एका ऑस्ट्रेलियन नर्सचा मुलगा, निलेशच्याच वयाचा. काटक, डोकं चालवून खेळतो, पण निलेशच्या खांद्याला लागतो.

घरी येताना सुधीर : "तुझी सही पर्थला चालली. माझी अजून साइट ऑफिसच्या बाहेर जात नाही."

खरं लिहू? आनंद झाला. थोडा गर्वही.

१० मार्च, शुक्रवार

उंची घेतली. १८४.

ऑक्टोबरमध्ये १८४. मधल्या प्रत्येक महिन्यात १८४. मी दर वेळी नुसतं लिहीत गेले, ओळीने कधी वाचलंच नाही. टेप खराब असणार.

१७ मार्च, शुक्रवार

टेप ठीक आहे. त्याच टेपने मॅथ्यू चार सें.मी. वाढला, केतकीसुद्धा एक. नि. जिथल्या तिथे.

ग्रेगला दाखवलं. म्हणाला, मुलं थांबतात आणि एकदम उसळतात. असेल.

पण चौदा वर्षांच्या मुलाला रोज दाढी? यावर आम्ही सगळे हसायचो. ग्रेग म्हणायचा, तुम्हा लोकांना मिशा लवकर येतात. मीही हसायचे.

३० मार्च, गुरुवार

झालं ते क्रमाने लिहिते.

अल कुसैसला गावड्यांकडे गेले होते. निमित्त अर्जाचं, जन्माचा दाखला हवा. निलेशचे वडील रुवैसला रिफायनरीत, फोरमन, दोन आठवड्यांनी घरी येतात. नि. क्लासला गेलेला. आई एकटीच. सोलकढी दिली, बसवून घेतलं, भिंतीवरचा फोटो काढून दाखवला. दिराचं लग्न. खाली छापलेलं : मे १९८३. फोटोत त्यांचं पोट दिसतं. मी म्हटलं, पोटात निलेशच्या आधीचं कोणी का?

"नाय ओ बाई, ह्योच. निलेश. गणपतीत झालो."

मी म्हटलं, त्र्याऐंशीच्या गणपतीत? शाळेच्या दाखल्यावर पंच्याऐंशी आहे.

"तां गुरुजींचां. शाळेत घातलो तेव्हा तेनीच दोन वर्सां कमी लावली. म्हणाले, सरकारी नोकरी लागली तर पोराक शेवटाक दोन वर्सां जास्ती गावतली. आमच्या वाडीत सगळ्यांचां तसांच आसा. तुमका म्हायत नाय? तुमी शिकलेली माणसां!"

हसत होत्या. मी ग्लास खाली ठेवला तो काठावर ठेवला, सांडला. त्याच पुसत बसल्या.

सोळा पुरी. सतरावं चालू. त्याची वाढ थांबली नाही, संपली आहे. ड्राफ्टचं वर्ष २००३ नाही, २००१. पुढचं.

आणि माझी सगळी वही : सोळा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर चढून झेल घेतोय, आणि मी टाळ्या वाजवत मोजते आहे.

३१ मार्च, शुक्रवार

आज मोजणीत तीनदा चुकले. ग्रेगला काही बोलले नाही. सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "पासपोर्टावर काय आहे? मग तेच वय. तू कोण ठरवणार?"

बाबा आठवत राहिले. माझे वडील खेड्यातल्या शाळेचे हेडमास्तर. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी व्हरांड्यात टेबल मांडून बसायचे. आईबाप सांगायचे, पूर आला त्याच्या आदल्या साली, किंवा म्हैस घेतली तेव्हा. बाबा ऐकून घ्यायचे आणि सुंदर अक्षरात लिहायचे, १ जून. वर्ष अंदाजाने. कधी विचारायचेही, "पुढे नोकरीला घालायचाय ना? मग थोडं कमी लावू." मी शेजारी बसून टीपकागद दाबायचे.

ज्यांनी मला शाळेचा एक खडू घरी आणू दिला नाही, ते बाबा. त्यांना हे खोटं वाटत नव्हतं. उपकार वाटत होता. मलाही तेव्हा वाटला होता.

२ एप्रिल, रविवार

हजेरीपट काढून पाहिला. नववी-ब मध्ये तीन मुलांची जन्मतारीख एक जून. तीन वर्षं हा पट माझ्या हातात आहे. संभाव्यतेचा धडाही मीच शिकवते.

न दिसणं आणि न पाहणं यात फरक किती?

७ एप्रिल, शुक्रवार

चूक केली. मोठी.

खेळ संपल्यावर नि. बूट सोडत होता. मला वाटलं, त्याला माहीत असणारच. घरात सगळ्यांना माहीत, वाडीत सगळ्यांना माहीत. म्हणून सरळ विचारलं, "निलेश, तुझं खरं वय तू ग्रेगसरांना सांगितलंस का?"

"खरं म्हणजे, टीचर?"

तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. गणपती, फोटो, त्र्याऐंशी, सगळं बोलून गेले.

त्याला माहीत नव्हतं.

बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बसला. मग मैदानाकडे बघून, "म्हणजे मॅथ्यू माझ्याहून दोन वर्षं लहान आहे?"

पावणेदोन, मी म्हटलं. का म्हटलं? पावणेदोन!

"मग मी चांगला खेळत नाही, टीचर. नुसता मोठा आहे."

बूट हातात घेऊन अनवाणी गेला. वाळू तापलेली.

९ एप्रिल, रविवार

नि. शाळेत नाही. काल पण नव्हता. फोन केला, आईने उचलला. "बाई, तुमी पोराक काय सांगितलास? दोन दिस जेवलो नाय." आणि ठेवला.

परत लावला, कोणी उचलला नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

निलेशचे वडील आमच्या घरी आले. रुवैसहून थेट, अंगावर कंपनीचे कपडे. सुधीरने चहा दिला तो तसाच राहिला. मला वाटलं होतं आवाज चढवतील. चढवला नाही, हे जास्त कठीण गेलं.

"मॅडम, मी कुणाला फसवलं नाही. मी सही केली ती गुरुजींनी लिहिलं त्याच्यावर. पासपोर्ट त्याच्यावरून, व्हिसा त्याच्यावरून. आता वय बदला म्हटलं तर कुठून कुठपर्यंत बदलू? अठरा झाली की माझ्या व्हिसावर राहता येत नाही त्याला. मी मोजून होतो, अजून तीन वर्षं आहेत. तुम्ही दीड करून टाकलीत."

मी म्हटलं, मी पासपोर्टाबद्दल कुठेच काही बोलणार नाही. प्रश्न फक्त त्या अर्जाचा.

"मग अर्जावर पासपोर्टाची तारीख लिहा. संपलं."

"आणि खाली माझी सही? सर्व खरे म्हणून?"

ते उठले. दारात म्हणाले, "तुमच्या मुलीसाठी असतं तर केली असतीत."

सुधीरने गार झालेला चहा उचलून आत नेला. केतकीच्या खोलीत गाणी चालू होती. मी त्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहायला बसले होते. लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

ग्रेगला सांगितलं. वाटलं होतं हादरेल. हादरले मी.

"आय हॅड अ फीलिंग," म्हणाला, टोपीने वारा घेत. डिसेंबरपासून! वाढ थांबलेली त्यालाही दिसत होती. "पासपोर्ट काय म्हणतो? पंच्याऐंशी. खलास." सुधीरसारखंच बोलला, पण सुधीरला खेळातलं काही कळत नाही.

मी मॅथ्यूचं नाव घेतलं. जागा एक आहे.

तेव्हा मात्र गंभीर झाला. म्हणाला, "मॅथ्यूने चालायला लागल्यावर हा चेंडू हातात घेतला. निलेशने आठ महिन्यांपूर्वी. ही दोन वर्षं त्याने चोरली नाहीत, ती त्याची बाकी होती. मॅथ्यू पर्थला गेला नाही तर दुसरीकडे कुठेतरी खेळेल. निलेश कुठे खेळेल?"

त्याचं म्हणणं चूक आहे असंही नाही. बरोबर आहे असंही म्हणवत नाही.

अर्ज २६ ला कुरियरने जायचा. तो माझ्याकडेच ठेवून गेला.

तेवढ्यात नि. आला. आठवड्यानंतर. माझ्याकडे न बघता ग्रेगला इंग्रजीत म्हणाला, पुढच्या शुक्रवारी मोठ्यांची मॅच आहे, त्यात मला घ्या. ग्रेग म्हणाला, ते तुला दुमडून खिशात घालतील, मेट. नि. म्हणाला, घालू दे. मग माझ्याकडे वळून मराठीत : "टीचर, तुम्ही मोजा."

२१ एप्रिल, शुक्रवार

मोठ्यांची मॅच. बँकवाले, इंजिनियर, पायलट, सगळे तिशीतले, पोटं सुटलेली पण खांदे दारासारखे. निलेशची आई आली होती, डोक्यावर पदर, माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली.

पहिल्या पाच मिनिटांत एकाने त्याला असा आडवा केला की मी पेन्सिल मोडली. त्याची आई उठून उभी राहिली. तो उठला तेव्हा ओठ फुटलेला. दुसऱ्या सत्रात त्याला चेंडू दिसतच नव्हता. मी मोजत होते, पण मोजण्यासारखं काही नव्हतं.

मग शेवटच्या सत्रात एक झेल. माझ्या वहीत आधी आहेत तसा नाही. यात कुणाच्या डोक्यावरून उंची नव्हती. चेंडू कुठे पडणार हे त्याला त्या दोघा दांडग्यांच्या आधी कळलं आणि तो तिथे आधी जाऊन उभा होता. बस.

ला. ९, झे. २, मू. ४.

संपल्यावर ओठाला बर्फ लावून आला. "किती?"

सांगितलं.

"चांगलं आहे का?"

ग्रेग मागून म्हणाला, सोळा वर्षांच्या पोराला चांगलं आहे. नि. त्याच्याकडे वळला नाही. मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, माझ्या वहीत तुलना करायला सोळा वर्षांचा दुसरा कोणी नाही.

पहिल्यांदा हसला. ओठातून रक्त आलं. "ऑनेस्ट आहात, टीचर." टोमणा होता की काय, कळलं नाही. आई त्याला घेऊन गेली. जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली, राग उतरलाय की नाही तेही कळलं नाही.

२४ एप्रिल, सोमवार

नि. वर्गात येतो. शेवटच्या बाकावर बसतो. गृहपाठ पूर्ण.

अर्ज समोर आहे. सगळं भरून झालं. चौदा वर्षांच्या मुलांच्या मॅचचे आकडे आहेत, मोठ्यांच्या मॅचचेही मी वेगळ्या कागदावर जोडले. उंची सहाही महिन्यांची लिहिली, १८४, १८४, १८४. जाणकाराला तेवढंही पुरेल. की ही माझी चलाखी, स्वतः न बोलता आकड्यांना बोलायला लावण्याची? असेल.

एकच रकाना रिकामा. जन्मतारीख.

पंच्याऐंशी लिहिलं तर खाली माझी सही खोटी. त्र्याऐंशी लिहिलं तर अर्ज पासपोर्टाशी जुळत नाही, तिथेच संपतो, वडिलांची भीती वेगळी. गुरुजींनी ठरवली, वडिलांनी सही केली, ग्रेगने चालवून घेतली, मी उघड केली. त्या मुलाचं वय आतापर्यंत सगळ्यांनी ठरवलं. त्याला कुणी विचारलं नाही.

पण त्याला विचारणं म्हणजे माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं तर नाही? सोळा वर्षांच्या मुलावर. सुधीर म्हणतो, तू स्वतः ठरव आणि मोकळी हो. मोकळी होण्यासाठीच करते आहे का, ते तपासून पाहिलं. पूर्ण नाही म्हणता येत नाही.

तो काय लिहील ते मला खरंच सांगता येत नाही. त्याने काहीही लिहिलं तरी मी सही करेन का, तेही.

उद्या : चौथ्या तासानंतर निलेशला स्टाफरूममध्ये बोलावून अर्ज आणि पेन त्याच्या हातात देणे.