शेवटचा शब्द गिळू नका

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तो आला! बँकेतल्या मुलींचा भाषणाचा वर्ग चालू होता, मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते — आणि मागून तेच घसा खाकरणं. दोनदा, आखूड. वळले तर पुढच्या बाकावरची मुलगी खोकत होती. फळ्यावर काय लिहायचं होतं ते विसरलेच.

फोरमनला जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले.

चौकशी समितीचं पत्र आलंय. बारा तारखेला अकरा वाजता. काय विचारणार ते उघड आहे — टाकीत धोका आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं का? तुम्हाला काही बोलला का? नाही बोलला. हे खरं आहे. मग खरं बोलायला तालीम कशाला लागते? तरी संध्याकाळी आरशासमोर उभी राहिले. चारदा.

५ मार्च

लिहून काढते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

रंगाचा कारखाना. जमिनीखालची मोठी टाकी. वास मारतो म्हणून कामगार साफसफाईला उतरेनात. मालकांनी फोरमनला माझ्याकडे धाडलं. "माणूस भला आहे, कामगार त्याचं ऐकतात. पण चारचौघांत पुटपुटतो. चार दिवसांत बोलता करा."

सहा फुटी गडी, पण बोलायला उभा केला की घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा सुरू. मी म्हटलं, घड्याळ काढा. तळवे उघडे. पाय घट्ट. नजर शेवटच्या रांगेवर. भाषणाचा कागद मालकांनी लिहिलेला. मजकुरात मी लक्ष घालत नाही, ते माझं काम नव्हे.

आणि माझं ठेवणीतलं वाक्य — "आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. सगळा अर्थ तिथे बसलेला असतो. शेवटचा शब्द गिळू नका!" हा प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळायचा. ओरडून ओरडून माझाच घसा बसला.

चौथ्या दिवशी काय बोलला! माझ्या अंगावर काटा आला. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

कामगारांनी ऐकलं. दोघं उतरले, त्यांच्या पुढे हा स्वतः. तिघंही वर आले नाहीत.

७ मार्च

लेक जेवताना म्हणाली, "आई, अगं मीठ मागतानासुद्धा तळवे दाखवतेस तू." मी हसले. ती नाही हसली. "आरशासमोर कोणाशी बोलत असतेस?"

८ मार्च

'मला काहीही बोलला नाही.' — 'काहीही'वर जोर दिला तर उद्धट वाटतं. 'बोलला नाही'वर दिला तर भ्यायल्यासारखं. शी! काय करतेय मी हे?

९ मार्च, रविवार

फोरमनची बायको आली. भांडायलाच आली असं वाटलं. चहा नको म्हणाली. खुर्चीच्या कडेला टेकली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. इतरांचे हात बघायची माझी सवय जात नाही.

"बाई, तुमच्याकडे रेकॉर्ड करतात म्हणे. घरात त्यांचा आवाज कुठेच नाही हो. फोनवर बोलायचेच नाहीत." मग म्हणाली, "सगळे म्हणतात, ठाऊक असून माणसं उतरवली. धाकटी शाळेत जायला तयार नाही."

शोधून देते म्हटलं. दाराशी चपला घालता घालता म्हणाली, "तिसऱ्या दिवशी तुमच्याकडून आले तेव्हा मात्र पोटभर जेवले. म्हणाले, आज सांगून टाकलं बाईंना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प."

काय सांगितलं ते तिनं विचारलं नाही. मीही नाही.

१० मार्च

मला काहीही सांगितलेलं नाही. चारही दिवस आठवून पाहिले, शब्द न् शब्द. घसा खाकरला, पट्टा चाळवला, वाक्य अर्धं गिळलं, मी ओरडले. बस. एवढंच!

११ मार्च

रेकॉर्डिंग सापडलं. चारही दिवसांचं. लावायचा धीर होत नाहीये. दोनदा लावलं, घसा खाकरला की बंद केलं. घाबरट बाई!

१२ मार्च, सकाळ

रेकॉर्डिंग पर्समध्ये टाकलंय. आधी चौकशीला, तिथून तिच्या घरी.

तिसरा दिवस. तो म्हणतो, "टाकी तपासलेली..." आणि पुढे पुटपुट. लगेच माझा आवाज, खणखणीत — "गिळलात! आहे! टाकी तपासलेली आहे! म्हणा." तो गप्प. मी — "म्हणा!" मग तो म्हणतो, "आहे."

आवाज पूर्ण वाढवून ती पुटपुट सात वेळा ऐकली.

'नाही' म्हणतोय तो.