पावलाला पाऊल

३ जून

आज परत तीच चूक! सुब्बारावांना खुर्चीतून उठवत होते. सेंटरवरचे, लकवा झालेले आजोबा. त्यांचं दुबळं पाऊल सटकू नये म्हणून आपलं पाऊल टेकवून अडवायचं, गुडघ्याला गुडघा लावायचा — फिजिओ असिस्टंटचा पहिला धडा. लावला. आणि माझा हात त्यांना धरायला कमरेला बांधलेला पट्टा सोडून थेट माझ्या छातीशी! मोठ्यांना पाय लागला की नमस्कार — आप्पांनी लहानपणीच लावलेलं वळण. सुब्बाराव धपकन खाली बसले. नशीब, खुर्ची मागेच होती. शिकवणाऱ्या शिल्पाश्री मॅडम म्हणाल्या, नमस्कार मनात कर, हात पट्ट्यावर ठेव.

७ जून

आप्पांची फार आठवण येतेय. बनशंकरीहून राजाजीनगरला, आप्पांच्या घराकडे, मेट्रो थेट जाते. आज गेले, स्टेशनाबाहेर उभी राहिले, परत आले. इथं आत्याकडे येऊन वर्ष होत आलं. "आपल्या घरातल्या मुली परक्यांचे पाय धरत नाहीत. हेच शिकायचं असेल तर परत येऊ नकोस," आप्पा म्हणाले होते. मीही त्यांचीच मुलगी — निघाले!

१९ जून

अभिमन्यूचा फोन. आप्पांना लकवा, डावी बाजू गेली. मागच्या आठवड्यातच! आणि सख्खा भाऊ मला आज सांगतोय. इतकी ओरडले की आत्या धावत आली. आप्पांनीच म्हणे कळवू नको म्हटलं. घरी आणलंय, पण कुणाला हात लावू देत नाहीत. उठायचंच नाही म्हणतात.

दिवसभर मी परक्या म्हाताऱ्यांना उभं करते आणि माझा म्हातारा पलंगावर पडून! मला आप्पा हवेत. त्यांचा राग असला तर रागासकट.

२० जून

गेले. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. चहा घेतला नाही. निघताना विचारलं, उद्या येऊ? पांघरूण डोक्यावर ओढलं. पण नको म्हणाले नाहीत!

२३ जून

रोज जातेय. आज चहा घेतला. माझ्याकडे न बघता.

२४ जून

आज आप्पांना पलंगाच्या कडेला बसवलं. बसू दिलं! कमरेला पट्टा बांधला, दोन्ही हातांनी घट्ट धरला. पण माझं पाऊल पुढे होईना. सगळ्यांना लावते — आप्पांना पाय कसा लावू?

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"लाव पाय, पोरी. मला उठायचंय."