ताम्रपट आणि चिंच

पनवेल, ९ नोव्हेंबर १९९३

चिंच! अजून डोकं शांत नाही. भाची मेधाला संग्रहालयात जुन्या वस्तू सांभाळायची नोकरी लागली, तर तिचा बाप, माझा धाकटा भाऊ वसंता म्हणतो, "एम.ए. होऊन भांडी पुसणार?" तीस वर्षं संग्रहालयात मी तेच केलं, विसरला की काय? तेवढ्यात त्याची बायको दिवाळीच्या भांड्यांबरोबर घरातला जुना ताम्रपटही चिंचेने घासायला लागली. मेधाने झडप घालून तो काढून घेतला, तरी वरच्या दोन ओळी गेल्याच. मला शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ऐकू नये असं मी बोलले. मग वसंताला चष्मा दिला. "वाच. उरलंय ते तुझ्या लेकीमुळे." मिठागर बांधणाऱ्या पूर्वजाचं नाव त्याने बोट फिरवत वाचलं. मग म्हणाला, "ताई, सोमवारी तिला स्टेशनवर मी सोडतो."

भावजय विचारते, "वन्सं, उरलेल्या चिंचेचं काय करू?"

म्हटलं, आमटीत घाल.