साखर संपल्यावर

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. प्रयोगशाळा लख्ख, माझ्या टेबलावर थेट ऊन. पोटाला चांगले म्हणून विकले जाणारे जिवाणू टाकीत वाढवायचे आणि दर तासाला द्रावणातली साखर मोजायची. ते साखर खातात, आम्ल सोडतात. आम्ल वाढलं की समजायचं, मंडळी जेवली. मोठ्या मॅडम हसतमुख; स्वतः रोज कपभर पितात. मलाही पाजलं. आंबटसर, बरं लागलं. आईसाठी एक बाटली दिली.

६ तारीख
मॅडम या जिवाणूचं लेकीसारखं कौतुक करतात. बाकीचे जिवाणू एका प्रकारची साखर संपली की दुसऱ्या प्रकारची पचवायची तयारी होईपर्यंत थांबतात. हा थांबतच नाही. ताटात पडेल ते खातो, मॅडम म्हणाल्या. त्या स्वतः बोलता बोलता खिशातली साखरेची वडी चघळत असतात. आईला कडकडून भूक लागतेय. खूश आहे.

११ तारीख
आज जिवाणूंच्या नळीत साखर घातलीच नाही. फक्त आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थराचा नमुना. त्या थरातही साखरेच्या साखळ्या असतात, पण त्या सहसा कुणाला पचत नाहीत. दुपारपर्यंत थर गायब, नळीत नुसतं पाणी. मॅडमना दाखवली. त्यांनी खिशातून वडी काढून तोंडात टाकली. मग म्हणाल्या, "म्हणून तर मी खिसा रिकामा ठेवत नाही."
बाटली घरी जाऊन ओतून दिली. तळाशी घोटभरच उरलं होतं.

१३ तारीख
आई साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसते. तरी गाल बसलेत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही फरक नाही. मलाही आता सतत भूक लागते. पाच चमचे साखर खाल्ली की भागते. कालपर्यंत तीन पुरायचे.

१५ तारीख
मॅडम गेल्या. टाकी धुणारे काका म्हणाले, पोटाच्या तपासणीसाठी दिवसभर उपाशी ठेवलं होतं. आत कॅमेरा घातला तर — काकांनी पाण्याचा नळ सोडला.

१६ तारीख
आई घेरी येऊन पडली. दाखल केलं. नर्सला विनवलं, तोंडाने साखर द्या. ती म्हणाली, सलाईनमधून देतोय ना. रक्तातली साखर आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचत नाही — समजावलं. मला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

१७, सकाळ
हॉस्पिटलचा फोन आला. तपासणी दहाला. कालपासून पोटात काही नाही, काळजी करू नका म्हणे —
नऊ वीस. जिना उतरवत नाही. डबा खरवडला.
परत फोन लावला. कुणी उचलत —
आत कळ. थांबून थांबून नाही, सलग —
नऊ चाळीस. नर्सने उचलला. म्हटलं, आईला आधी काहीतरी गोड — ती म्हणाली, आत नेलंय, डॉक्टर विचारतायत की तुमच्या आईने नेमकं काय —