पडद्यात न मावलेले हात

बाळेगद्दे, तालुका शिरसी
१२ जानेवारी

चि. गंगोत्रीस परमेश्वर अण्णाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुम्ही तिघंही ठीक असाल असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून बरेच दिवस काहीच नाही. यंदा सुपारी सोलायला माणसं मिळत नाहीत, निम्मी रास अजून अंगणातच पडली आहे. माकडांनी केळीचा एक घड ठेवला नाही. नागवेणीचा गुडघा आता बरा आहे, पण तुझी वहिनी ती, बरा आहे असं कबूल करत नाही. आयीचे डोळे पुन्हा दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. टीव्हीच्या पुढ्यात पाट टाकून बसली तर तिला दिसतं, एरवी माणूस आवाजावरून ओळखते.

पत्र बघून नवल वाटलं असेल. तू धारवाडच्या शाळेत होतीस तेव्हा पोस्टकार्डं पाठवायचीस, त्यानंतर आपण एकमेकांना लिहिलेलं नाही. पण हे हातांनी सांगायला घेतलं तर मी मधेच थांबेन. आणि शेजारच्या शरावतीच्या फोनवरून तर मुळीच नको. तू एकटी असशील तेव्हा वाच. माझाच गोंधळ झालाय, त्यामुळे वाक्यं सरळ येतील याची खात्री नाही.

तू दिवाळीनंतर सुब्रायमामाच्या मुलाबरोबर पेनड्राइव्ह पाठवलास, त्याबद्दल लिहायचं आहे.

तो आम्ही टीव्हीला लावला. आयी पाटावर, मागे नागवेणी, मी रिमोट घेऊन. पडद्यावर अक्षरं आली, ही फाइल चालत नाही. काढून पुसला, पुन्हा लावला. तेच. आयी विचारत होती, "गंगी आली का? आली का?" शेवटी मी शिरसीला शानभागच्या फोटो स्टुडिओत गेलो. आपल्या गावच्या निम्म्या लग्नांचे व्हिडिओ त्यानेच काढलेत.

त्याने संगणकाला लावून बघितलं आणि म्हणाला, "भटरे, डबा ठीक आहे, आतली भाजी तुमच्या टीव्हीला पचत नाही. नव्या फोनची नवी भाजी, तुमचा टीव्ही म्हातारा. मी बदलून देतो. मग टीव्हीवर लावा, फोनवर लावा, कुठेही चालेल."

मला सोसायटीत सुपारीच्या लिलावाला पोचायचं होतं. मी पेनड्राइव्ह तिथेच ठेवून गेलो. परत आलो तर शानभाग काळजीत. "अहो, यात आवाजच नाही! मी तीन वेळा तपासलं. माझ्याकडून नाही गेला हं, मुळातच नव्हता."

"माझी बहीण आहे ती. ती तोंडाने बोलत नाही," मी म्हटलं.

"असं होय! मग हरकत नाही. मी मागे थोडी बासरी घातलीय. अगदीच मुका व्हिडिओ कसा द्यायचा गिऱ्हाइकाला?"

घरी येऊन लावला. बासरी वाजू लागली आणि तू आलीस. चेहरा पडदाभर. आयीने हात लांब करून काचेवर तुझ्या गालाला हात लावला. तू काहीतरी सांगत होतीस. खांदे हलत होते, कोपर मधूनच दिसायचं, पुन्हा जायचं. तू मान हलवलीस, ओठ आवळलेस, अंगठ्याने बाजूला दाखवल्यासारखं केलंस, जिथे वासुदेव बसतो तिथे. मग डोळे भरले. शेवटी भुवया वर करून थांबलीस, आपण काही विचारल्यावर थांबतो तशी.

आयी म्हणाली, "तिचं आणि वासुदेवाचं बिनसलंय. घर सोडून येऊ का म्हणून विचारतेय."

नागवेणी म्हणाली, "असं कशावरून?"

"मला माझ्या लेकीचा चेहरा कळत नाही होय?"

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी धणे-जिऱ्याचं कषायसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, शरावतीला बोलाव, फोन घेऊन ये म्हणावं. तिने तुला दिलेलं उत्तर तू बघितलंच आहेस. आधी घराची खूण, मग वाटेची, मग दोन्ही तळवे खाली दाबून, "नको. आहे तसं राहू दे." ते आम्ही पाठवलं. तुझ्याकडून फक्त एक अंगठा आला. आयी खूश झाली. आल्यागेल्याला सांगायला लागली, मी लेकीचा मोडता संसार सावरला म्हणून.

त्यानंतर तू गप्प झालीस.

परवा आयीने पुन्हा तो व्हिडिओ लावायला सांगितला. ती तो रोज बघते. त्यात अगदी खाली, मधेच, केसांचा एक झुबका येतो, वर लाल रिबीन. ती तुंगा, हे आम्हाला कळलं होतं. आयी कुरकुरली, "नातीची नुसती शेंडी दिसते. त्या शानभागाला म्हणावं, तोंड दिसेल असं कर."

म्हणून मी पुन्हा गेलो. एवढ्याचसाठी गेलो, गंगी. दुसरं काही मनात नव्हतं.

शानभाग म्हणाला, "मूळ फाइल आहे ना माझ्याकडे. बघा." त्याने उघडली. उभा, अरुंद व्हिडिओ, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. आणि त्यात तू कमरेपर्यंत होतीस. तुझे हात होते. तुंगा तुझ्या कुशीला लागून उभी होती.

"हे असं होतं?" मी विचारलं.

"असंच. फोन उभा धरून काढलाय. टीव्हीवर लावला की बाजूला काळं दिसतं आणि लोक माझ्या नावाने ओरडतात. म्हणून मी मोठा करून पडदा भरून दिला. वरचं-खालचं जरा कापलं जातं. चेहरा राहिला ना?"

मी त्याला काय सांगणार? त्याने त्याच्या परीने चांगलंच केलं होतं. मी म्हटलं, पहिल्यापासून लाव.

तू तुंगाची खूण केलीस, गालाला चिमटा. मग कानामागे बोट ओढलंस. कापायचं. डॉक्टर. उन्हाळ्याच्या आत. मग ऐकू येईल, पण खात्री नाही. मग अंगठा बाजूला, वासुदेव नको म्हणतो. तो म्हणतो, आपल्यासारखं असणं म्हणजे आजार आहे का? मग तू छातीवर हात ठेवलास, मला कळत नाही. आणि शेवटी, आयी, तू सांग. तू म्हणशील ते मी करीन.

स्टुडिओत एक नवरदेव अल्बम बघत उभा होता. मी त्याच्यासमोरच खाली बसलो. शानभागने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मला उन्हाचा त्रास झाला.

म्हणजे आयीने ज्याला "नको" म्हटलं ते तू विचारलेलंच नव्हतं. आणि तू जे विचारलंस त्याला तिचं "नको" चपखल बसलं. आहे तसं राहू दे. तू ऑपरेशनची तारीख सोडून दिलीस का? की डॉक्टरांनी अजून दिलीच नव्हती? मला काहीच ठाऊक नाही. तुझा अंगठा म्हणजे काय होतं तेही ठाऊक नाही.

आता जे लिहायचं टाळत मी माकडं आणि सुपारी करत बसलो ते लिहितो. पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं की हात दिसत नाहीत. घरात तुझे हात सगळ्यात जास्त मी वाचलेत. आयीने चेहऱ्यावरून अर्थ लावला तेव्हा मी म्हणायला हवं होतं, थांब, हात नाहीत यात, आपण तिला परत विचारू. मी बोललो नाही. तू घरी येतेयस असं आयी म्हणाली तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? वरच्या खोलीत सुपारीची पोती आहेत, ती कुठे हलवायची. हे आलं. नागवेणीशी तुझं पटेल का, हे आलं. आणि आयीने "नको" म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेपुढे हात दिसले काय, न दिसले काय.

आयीला सांगावं की नाही यावर मी पूर्ण दिवस घालवला. नागवेणी म्हणाली, "तिचा आनंद कशाला हिरावता?" मग तासाभराने तीच म्हणाली, "आणि गंगीला तसंच ठेवणार?" मग आम्ही लावला, काळ्या पट्ट्यांसकट, बासरीशिवाय. पडदा अरुंद झाल्याने आयीला पाट आणखी पुढे सरकवावा लागला. तिला हात नीट दिसेनात, तेव्हा मी शेजारी बसून तोंडाने सांगत गेलो.

आयी पाटावरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "हे मला विचारतेय?"

"हो."

"मला काय कळतंय यातलं?" मग पदराने टीव्हीची काच पुसली, उगाच. म्हणाली, "तिला लिही. तिला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा मी वर्षभर रडले. मग रडायचं विसरूनच गेले. यातलं बरोबर काय होतं ते मला आजसुद्धा माहीत नाही. मी हो म्हणत नाही आणि नको तर नाहीच नाही. माझं ते 'नको' परत दे म्हणावं."

तेवढंच तिचं उत्तर आहे. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काढलेलंही नाही.

मला विचारशील तर मलाही कळत नाही. वासुदेवाचं म्हणणं मनात आणलं की तोच बरोबर वाटतो. तुझे हात आठवले की तू बरोबर वाटतेस. पण तुला घरी यावंसं वाटलं, कशाहीसाठी, तर पोती कालच खाली आणली आहेत.

उत्तर दे. रागावून दिलंस तरी चालेल.

वेळेला गप्प बसलेला,
तुझा अण्णा

—

हुबळी
२० जानेवारी

अण्णा,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. अडलं नाही. रडले, पण ते वेगळं.

मी पण सांगते. आयीचा व्हिडिओ आला तेव्हाच मला शंका आली. तिने घराची खूण केली, वाटेची खूण केली. मी घराचं विचारलंच नव्हतं. मला वाटलं, आयी दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेय. परत विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मी सुरुवातीचा भाग कापला. फक्त शेवटचं "नको, आहे तसं राहू दे" ठेवलं. तेवढंच वासुदेवला दाखवलं.

तो खूप खूश झाला. मला उचललं. तुंगाला उचललं. म्हणाला, बघ, आयीला समजतं. मी पण खूश झाले. ठरवायचं माझ्यावर नव्हतं ना. मी तारीख सोडली. मग रोज वाईट वाटायला लागलं. म्हणून तुम्हाला काही पाठवलं नाही. तुम्हाला तोंड दाखवायला नको वाटत होतं.

शानभागने माझे हात कापले. त्याला कळलं नव्हतं. मी आयीचे कापले तेव्हा मला कळत होतं.

काल वासुदेवला सगळं दाखवलं. आयीचा पूर्ण व्हिडिओ, मग तुझं पत्र. तो फार चिडला. एवढ्या जोरात हात चालवत होता की शेजारीण खिडकीतून बघायला लागली. म्हणाला, तू मला फसवलंस. खरं आहे. मग जेवला नाही. मग म्हणाला, मुलगी ऐकायला लागली की आपल्याकडे बघायचं बंद करेल. तेव्हा मला समजलं. त्याला आजाराचा राग नव्हता. तो घाबरला होता. मी म्हटलं, मी पण त्यालाच घाबरते. इतके दिवस आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि भांडत होतो.

आज सकाळी तो छापखान्यात जाताना दारातून परत आला. म्हणाला, डॉक्टरकडे जाऊन तारीख विचार. हो म्हणत नाही, पण विचार.

मी विचारून आले. फेब्रुवारीच्या शेवटी मिळाली. डॉक्टर म्हणतात, ऐकू येईल असं वाटतं. वाटतं, एवढंच म्हणतात. नंतर रोज शिकवावं लागेल. आम्ही दोघं तिला आवाज कसा शिकवणार? त्यांनी एक बाई सांगितली आहे, ती शिकवेल. हातांनी बोलणं बंद करू नका असं पण ती म्हणाली. ते संध्याकाळी सांगितलं तेव्हा वासुदेव पहिल्यांदा हसला.

बरोबर करतोय की चूक, मला कळत नाही. पण या वेळी कुणाचं नाव पुढे केलेलं नाही. हे ठरवणं आमच्या दोघांचं आहे.

तू रागवायला सांगितलंस. पोत्यांवरून थोडी रागावले. मग हसले. ती पोती माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथेच आहेत. तेव्हा मला झोपायला जागा नव्हती, आठवतं?

फेब्रुवारीत आयीला घेऊन ये. तिला माझ्या अगदी समोर बसव, गुडघ्याला गुडघा लावून. मला तिच्याशी बोलायचं आहे. तिला डोळ्यांनी दिसलं नाही तर माझे हात हातात धरून बघेल. लहानपणी अंधारात असंच बोलायचो आम्ही.

वहिनीला सांग, गुडघा बरा असेल तर तिने पण यावं.

आयीला सांग, तिचं "नको" परत पाठवलं आहे. आणि "मला माहीत नाही" ठेवून घेतलं.

तुझी,
तारीख घेऊन बसलेली,
गंगी