भिंतीवरची रेघ

ज्यांच्याविषयी मला तिळमात्र शंका नाही, त्या स्वहस्ते बनवलेल्या वस्तूंची नोंद प्रथम करतो. सागवानी पेटीचा कॅमेरा एक, चामडी भात्यासह. फिल्म सरकवायच्या पितळी चौकटी चार. दुधाच्या किटलीतून घडवलेला, फोटो मोठे करायचा एन्लार्जर. निगेटिव्हवर पेन्सिलकाम करायचं उतरतं मेज, खाली आरसा बसवलेलं. गिऱ्हाइकांचं स्टूल, जे तेवीस वर्षांत एकदाही डुगडुगलं नाही. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही.

या वस्तूंचा कर्ता, वय बावन्न, धंदा फोटोग्राफर, परवा छातीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचं दडपण नाही. पत्नी आत भांडी आपटते आहे, ते मी दडपण धरत नाही. अशा स्थितीत माझ्या पश्चात काय कुणाचं, ते लिहून ठेवतो.

कलम १. दुकान, मागची खोली, वरचा मजला आणि बँकेतली सगळी शिल्लक पत्नीला. जिन्याची तिसरी पायरी मी बसवलेली नाही, तेव्हा ती जपून उतरावी.

कलम २. कॅमेरा व हत्यारं शेजारच्या घड्याळजींना. त्यांनी ती वापरावीत, पण फोटोचा धंदा काढू नये. मला लाकूड आणि पितळ आवडायचं. कॅमेरा चालतो का, हे पाहायला फोटो काढले आणि लोक पैसे देऊ लागले, एवढंच. माणूस स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "जरा बरा काढा हं." बरा म्हणजे त्याच्यासारखा नव्हे. मग मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या भरायचो, व्रण मिटवायचो. त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. लोक खूश होऊन जायचे आणि मला त्यांच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं वाटायचं. तरी दुसऱ्या सकाळी पेन्सिलीला टोक काढून बसायचोच.

कलम ३. हमरस्त्यावरच्या स्टुडिओवाल्याला माझा राग जसाच्या तसा. माझ्या एका चौकटीला पितळेचं कुसळ राहिलं होतं. त्याने फिल्म ओरखडली आणि दोन गिऱ्हाइकांच्या फोटोंवर काळी रेघ आली. या गृहस्थांनी माझ्या कॅमेऱ्याविषयी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "साबणाच्या खोक्याने फुकटात मिश्या काढल्या!" कुसळ मी त्याच दिवशी घासलं, पण टपरीवरचं हसू काही घासून निघालं नाही. पुढच्या कलमाला हे कारण लागतं, म्हणून लिहिलं.

कलम ४. पत्र्याच्या डब्यातलं पाकीट, आत निगेटिव्ह दोन, ही माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला.

सहा वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो काढायला मला बोलावलं. ताईचे यजमान, माझे भाऊजी, तिथेच कामाला. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीसमोर तीन रांगा केल्या. मी बटण दाबलं आणि नेमकं त्याच क्षणी भाऊजींनी मान वळवून मागे वर पाहिलं.

मी ओरडलो, "भाऊजी, भिंतीशी सोयरीक जुळवताय का? इकडे बघा!"

सगळे हसले. भाऊजी खांद्यावरची माती झटकत म्हणाले, "अरे, वरून काहीतरी पडलं रे."

"माझा उजेड चाललाय. आता हलू नका."

ते हलले नाहीत. दुसरा फोटो झकास आला. फक्त भिंतीवर वरून खाली एक बारीक काळी रेघ होती. मला वाटलं, पुन्हा माझी चौकट. पुन्हा टपरी. निगेटिव्ह तिरप्या उजेडात धरलं की ओरखडा चमकतो, चित्रातली रेघ चमकत नाही. हे मला ठाऊक होतं. मी धरून पाहिलं नाही. रेघ भाऊजींच्या डोक्यापाशी येऊन थांबली होती, आणि ओरखडा कुणाच्या डोक्याची भीड बाळगत नाही. तेही दिसलं नाही. दोन तास बसून मी ती पेन्सिलीने भरली. काम इतकं सुबक झालं, की पत्नीला हाक मारून दाखवलं.

सात आठवड्यांनी ती भिंत पडली. भाऊजी आणि आणखी दोघे गेले.

मालकांनी चौकशीत माझा फोटो ठेवला. भिंत धडधाकट होती, कामगारांनीच माल रचून ती पाडली, असं म्हणणं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यात काही फेरफार?" तेव्हाही मी कुसळाचीच गोष्ट धरून होतो. म्हणालो, "माझ्या फोटोत खोट काढणारा अजून जन्मायचाय." भरपाई नाकारली गेली.

त्या संध्याकाळी भाऊजींचा चेहरा पाहावा म्हणून नापास केलेलं पहिलं निगेटिव्ह काढलं. चेहरा नव्हताच, नुसता कान. आणि भिंतीवर तीच रेघ, त्याच जागी. भाऊजी तिच्याकडेच पाहत होते.

मी डबा बंद केला. ताई इस्पितळाच्या चादरी धुते, त्याला सहा वर्षं झाली. दर महिन्याला येऊन त्याच स्टुलावर बसते आणि म्हणते, "ह्यांचा एक तरी सुटा फोटो काढून ठेवायचा होतास रे." मी चहा सांगतो.

पहिल्या निगेटिव्हला पेन्सिल लागलेली नाही. दुसऱ्यावर माझी पेन्सिल तिरप्या उजेडात आजही चमकते. दोन्ही शेजारी ठेवून दाखवली, की सांगायला माझी गरज उरणार नाही.

इथवरचं साक्षीसाठी घड्याळजींना वाचायला दिलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर तिला कळणार?"

"मृत्युपत्र आहे ते."

"आणि शस्त्रक्रिया नीट झाली तर? अजून वीस वर्षं चादरी?"

 म्हणून कलम ४ माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू करतो. सह्या होताच घड्याळजी पाकीट घेऊन ताईकडे जातील. चौकशी पुन्हा उघडली, तर मी जिवंत असेपर्यंत उभा राहून सांगेन; नसलो, तर हा कागद वाचावा.

कलम ५. भिंतीवर माझा फोटो लावू नये. घरात एकही नाही, तो काढवून घेऊ नये.

वरील मजकूर मी लिहिला, दोघांनी माझ्यासमोर वाचला, मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: फोटोग्राफर
साक्षीदार १: शेजारचे घड्याळजी
साक्षीदार २: समोरचे चष्मेवाले (चष्मा लावून वाचलं)
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, दुपारी चार

ता. क. ताई पाकीट उघडेल आणि पहिला प्रश्न विचारेल, "किती घेतलेस रे?" म्हणून सहीनंतर हे जोडतो. चौकशी संपल्यावर आठव्या दिवशी कारखान्याचे व्यवस्थापक दुकानात आले. फोटोत ते मधल्या खुर्चीत होते; मी दोनदा बटण दाबलं, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "दोन्ही निगेटिव्ह देऊन टाका." मी म्हणालो, "माझं काम विकाऊ नाही." ते हसून उठले. "बरं, मग नुसते गप्प बसा." निगेटिव्हचे ते पंचवीस हजार देत होते, ते मी घेतले नाहीत. गप्प बसलो, ते फुकट.