मागचा हात

रविवार, जुलै. संध्याकाळ.

तळहात चुरचुरतायत, पेन धरवत नाही. आज धरणावर वारा लई होता. नौदलातून निवृत्त होऊन आलेला दादा शिडाची फळी घेऊन आलाय, महिनाभर तो मला तिच्यावर उभं राहायला शिकवतोय. त्याचा नियम एकच: वाऱ्याचा झोत आला की शिडाच्या दांडीवरचा मागचा हात सोडायचा. शीड ढिलं पडतं, झोत निघून जातो.

झोत आला. मी सोडला नाही. फळीनं मला पुढं भिरकावलं आणि वरून शीड पडलं. त्याच्याखाली वर यायची वाट सापडेना.

दादा होडी वल्हवत आला. "सुमे, मागचा हात का सोडला न्हाईस? मरतीस का?"

"बाबांनीच शिकवलंय ना, बैल उधळले तरी कासरा सोडायचा न्हाई. हाताला तीच खोड."

त्याला पटलं. तोही त्याच बैलांमागं वाढलाय. म्हणाला, "पुढच्या रविवारी बघतो. न्हाई सोडलास तर जोराचा वारा बंद."

सोडेन ना? मघाशी भाकरी थापता थापता दोनदा थांबून मूठ उघडून पाहिली. उघडते की.

मग खरं काय ते इथं तरी लिहावं. कासऱ्याचं मी दादाला सांगितलं, पण तसं नव्हतं. फळी पाण्यावरून उडाली तेव्हा मी मोठ्यानं हसत होते. आणि मागचा हात सोडायचं मला चांगलं आठवत होतं.